टेकडीवर मुलांची सायकल राइड: सुरुवात कशी करावी? (पुणे)

पौडफाटा

नमस्कार मंडळी. आमच्या आणि शेजारच्या सोसायटीत (कोथरूड) मिळून ६ ते १२ वयाची अकरा मुलं आहेत. सायकल सगळ्यांना येते, पण पार्किंगमध्ये आणि डांबरी गल्लीत. दर रविवारी सकाळी त्यांना घेऊन मातीच्या वाटांवर, हळूहळू टेकडीवर जायचा बेत आहे. पाच पालक नियमित यायला तयार आहेत. त्यातले दोघे एमटीबी (मातीच्या वाटांवरची माउंटन बाइक) चालवतात, बाकी तिघांना साधी सायकल येते एवढंच. क्लास काढायचा नाहीये, फी वगैरे काही नाही.

प्रश्न असे:
१) सायकली बहुतेक २० आणि २४ इंची आहेत. काहींना गिअर आहेत, काहींना नाहीत. नवीन घ्यायला सांगावं का?
२) पहिल्या दिवशी किती किलोमीटर ठेवावेत?
३) पाच मोठ्यांना अकरा मुलं झेपतील का?
४) वेताळ टेकडी जवळ आहे, पण सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. दुसरं कुठे जावं?
५) काही जण म्हणतात पावसातच खरी मजा, काही म्हणतात दिवाळीनंतर. तुमचं मत?

---

घसारा

किलोमीटर आधी डोक्यातून काढा. मुलांची राइड घड्याळावर मोजायची. ६ ते ८ वयाच्या मुलांना चाकावरचा वेळ पाऊण तास, थांबे धरून सव्वा तास. तेवढ्यात ३-४ किलोमीटर होतात आणि ते पुरेसे असतात. १० ते १२ वाल्यांना दोन तास, ७-८ किलोमीटर, एकूण चढ १०० मीटरच्या आत. मुलं "अजून एक चक्कर" म्हणत असतानाच घरी निघायचं. दमून रडकुंडीला आलेलं मूल पुढच्या रविवारी झोपून राहतं.

पहिले दोन रविवार टेकडीवर जाऊच नका. एखाद्या शाळेचं मातीचं मैदान मिळवा (सिमेंटचं नको, घसरणं कसं असतं ते मातीवरच कळतं) आणि फक्कीने रेघा मारा. तिथे चार गोष्टी बघायच्या.

पहिली, उभं राहून घरंगळत जाणं. दोन्ही पायडल एका पातळीत, बूड सीटवरून उचललेलं, गुडघे-कोपर किंचित वाकलेले, नजर चार-पाच मीटर पुढे. असं १० मीटर न पायडल मारता जाता आलं पाहिजे. गल्लीत चालवणारी मुलं कायम सीटवर बसलेली असतात. दगडावरून जाताना मागचं चाक उसळतं, बसलेल्या मुलाला धक्का बसतो आणि अंग हँडलवर जातं. टेकडीवरची निम्मीअधिक पडापड यातून होते.

दुसरी, रेघेवर थांबणं. थोडा वेग घेऊन यायचं आणि पुढचं चाक रेघेच्या आत थांबवायचं. मागचं चाक फरफटलं तर बाद. मुलांना धूळ उडवत ब्रेक मारायला फार आवडतं, त्याला वेगळी पाच मिनिटं द्या, म्हणजे पुढे टेकडीवर ती हौस फिटलेली असते.

तिसरी, एक हात सोडून पाच सेकंद सरळ जाणं. चौथी, मागे वळून बघणं: मागून कोणीतरी बोटं दाखवायची, मुलाने वळून आकडा सांगायचा आणि तोवर एक मीटर रुंदीच्या पट्ट्यातून बाहेर जायचं नाही.

खेळांमध्ये स्लो सायकलिंगला तोड नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात असतं तेच. १५ मीटरचा पट्टा, शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला की आउट. तोल, ब्रेक हळू धरणं आणि चढावर लागणारं संथ पायडलिंग हे तिन्ही त्यात येतं. दुसरा खेळ: १० मीटरचं वर्तुळ, सगळे आत फिरणार, पाय टेकला की बाहेर. दर दोन मिनिटांनी वर्तुळ लहान करायचं. एकमेकांच्या जवळून जायची भीती यात जाते. पाण्याच्या दोन बाटल्या ५ मीटरवर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढायला लावा. जमला की अंतर ३ मीटरवर आणा.

आता मोठ्यांचं गणित. अकराच्या अकरा एका रांगेत नेऊ नका. दोन गट करा, वयावर नाही, मैदानावर ब्रेक कसा धरला त्यावर. कच्चा गट सहा मुलांचा, त्याला तीन मोठे. पक्का गट पाचांचा, त्याला दोन. एमटीबीवाले दोघे एकेका गटाच्या पुढे. उरलेल्यांपैकी प्रत्येक गटाला एक जण शेवटी. सर्वात संयमी माणूस शेवटी ठेवा, सर्वात वेगवान नव्हे. त्याने शेवटच्या मुलाच्या पुढे कधीही जायचं नाही आणि "चल, चल, लवकर" म्हणायचं नाही.

नियम तीनच सांगा, जास्त सांगितले तर एकही लक्षात राहत नाही. पुढच्या माणसाला ओलांडायचं नाही. वाट फुटते तिथे सगळ्यांनी थांबायचं. कोणी पडलं तर मागच्याने ओरडून सांगायचं आणि स्वतः वाटेच्या कडेला व्हायचं. सपाटीला दोन सायकलींत तीन सायकलींएवढं अंतर. उतारावर एक एक जण: पुढचा मोठा खाली जाऊन उभा राहतो, हात वर करतो, मगच वरून पुढचं मूल सुटतं.

जवळपास प्रत्येक गट एका गोष्टीत चुकतो. थांब्यावर पुढची मुलं दहा मिनिटं बसतात, शेवटचं मूल धापा टाकत येतं आणि ते आलं की सगळे उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच मिळत नाही. शेवटचा आल्यावर पाच मिनिटं मोजायला सुरुवात करा.

---

तेलपाणी

सायकलींचं मी सांगतो. नव्या घेऊ नका. आहे ती सायकल नीट केली तर पहिला हंगाम आरामात निघतो, आणि तोवर कोणाला खरंच गोडी लागली आहे तेही कळतं.

सर्वात आधी ब्रेकचा दांडा. मुलाला सीटवर बसवा, हात हँडलच्या मुठीवर ठेवायला सांगा आणि मनगट न हलवता तर्जनी-मधलं बोट दांड्यापर्यंत पोचतं का बघा. आठपैकी पाच सायकलींत पोचत नाही. दांड्याच्या बुडाशी, मुठीच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो (काहींना स्क्रूड्रायव्हर, काहींना २ किंवा २.५ मिमीची अॅलन की). तो आत फिरवला की दांडा हँडलजवळ येतो. मग केबल पुन्हा ताणून घ्या. दांडा पूर्ण दाबला तरी तो मुठीला टेकता कामा नये.

स्क्रू फिरवूनही दांडा जड लागत असेल तर दोष केबलचा. पावसात भिजून आतली तार गंजते. तार आणि बाहेरची नळी दोन्ही बदला, नुसतं तेल सोडून दोन आठवड्यांत पुन्हा तेच होतं. स्वस्तातलं काम आहे आणि याएवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. व्ही-ब्रेक (रिमवर दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे) असतील तर रबर रिमवर पूर्ण बसतं का बघा. वर सरकून टायरला घासत असेल तर टायर फाटेल, खाली सरकलं असेल तर एखाद्या दिवशी आऱ्यांत जाईल.

काही पालक मूल उलटेल या भीतीने पुढचा ब्रेक मुद्दाम सैल करून ठेवतात. हे अजिबात करू नका. कोणत्या हाताला कोणता ब्रेक आहे तेही प्रत्येक सायकलीवर तपासा, सगळ्या कंपन्यांचं एकसारखं नसतं. निघण्याआधी प्रत्येक मुलाला विचारा, "मागचा ब्रेक दाखव." चुकीचा दाखवणारा एक तरी निघतोच.

दुसरं, हँडलच्या टोकाची रबरी किंवा प्लास्टिकची बुचं. मुठी फाटून नळीची धार उघडी पडलेली असते आणि कोणाचं लक्ष नसतं. पडताना हँडल वळतं आणि तेच टोक पोटात जातं. बूच नसलेली सायकल राइडला घेऊच नका. नवीन मुठींची जोडी टाकायला पाच मिनिटं लागतात. आत पाणी किंवा सॅनिटायझर लावून सरकवा, तेल लावलं तर मूठ फिरत राहील.

साइड स्टँड, बास्केट, कॅरियर, प्लास्टिकचे मडगार्ड काढून टाका. स्टँड खडबडीत वाटेवर आपोआप खाली येतो आणि डावीकडे वळताना जमिनीला अडकतो. घंटी ठेवा, टेकडीवर ती लागणार आहे.

हवा: कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सवयीने टायर दगडासारखा कडक करून देतो. ३० किलोच्या आतल्या मुलाला १.९५ किंवा २.१ इंच रुंदीच्या टायरमध्ये ट्यूब असताना २० ते २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या मीटरवर दिसतं) पुरतं. कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, पकड राहत नाही आणि मूल म्हणतं हात दुखले. १५ च्या खाली मात्र जाऊ नका. दगडावर आपटून रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. काट्याच्या पंक्चरला एकच भोक असतं, त्यावरून कारण ओळखता येतं. मीटर असलेला उभा पंप गटात एक घ्या.

सीट: रस्त्यावरच्या उंचीपेक्षा ३-४ सेंटीमीटर खाली. सुरुवातीला दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर टेकले पाहिजेत. चढावर याने थोडा जास्त दम लागतो, चालेल. कोणी सीट वर करून मागितली तर नळीवरची कमाल उंचीची खूण दिसेपर्यंत वर घेऊ नका.

कोणी नवीन घेणारच असेल तर "वाढत्या अंगाची" घेऊ नये. साधारण ११५ ते १३० सेंटीमीटर उंचीला २० इंची, त्यापुढे १४५ पर्यंत २४ इंची. पुढच्या सस्पेन्शनला भुलू नका. स्वस्त सायकलींतलं सस्पेन्शन २५ किलोच्या मुलाच्या वजनाने दबतच नाही, वर किलोभर वजन वाढवतं. अशी २४ इंची सायकल १४ किलोपर्यंत जाते, म्हणजे मुलाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त! साधा काटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे एकच दाते-चक्र आणि मागे ३४ दात्यांपर्यंतचा गिअर, एवढं बघा. डबल सस्पेन्शनच्या नावाने दुकानात जे मुलांना विकतात त्याबद्दल न बोललेलंच बरं.

---

मुरूमवाट

जागा आणि ऋतू यावर माझे चार शब्द.

पावसात अजिबात नको, आणि तेही फक्त मुलांसाठी म्हणून नाही. ओल्या मातीत चाकांची चाकोरी पडते, पुढच्या सरीत पाणी तिथूनच वाहतं आणि दोन वर्षांत तिचा ओघळ होतो. शिवाय आपल्या काळ्या पाषाणावर शेवाळ धरतं, त्यावर मोठ्यांचे टायरही टिकत नाहीत. काळी माती असेल तर ती टायर आणि काट्याच्या मध्ये भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. पावसाळ्यात मैदानावरचे खेळ घ्या, पाऊस थांबल्यावर.

अमेरिकेत ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मुलांना माउंटन बाइकिंगला न्यायचा दिवस पाळतात. काही हौशी मंडळी तो इथेही करू म्हणतात. आपल्याकडे त्या वेळी गवत कमरेएवढं असतं, त्यात दगड आणि खड्डे दिसत नाहीत, आणि ऑक्टोबरचं ऊन नऊ वाजताच चटके देतं. दिवाळीनंतर सुरू करा, फेब्रुवारी अखेरपर्यंत उत्तम. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा सव्वासातला निघा. मार्चपासून साडेसहाला निघून साडेआठला घरी. मार्च ते जुलै टिटव्या उघड्या माळावर जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा वाट सोडून गवतात शिरायचं नाही. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरायला लागली की मुलांना घेऊन आल्या वाटेने मागे या.

वेताळ टेकडीबद्दल. माथ्यावरचा सपाट रुंद पट्टा मुलांसाठी छान आहे, त्रास आहे तो गर्दीचा. ती टेकडी आधी चालणाऱ्यांची आहे हे धरून चाला: माणूस दिसला की घंटी, वेग चालण्याएवढा, गरज पडली तर उतरायचं. मुलांना "नमस्कार काका" म्हणायला शिकवा, निम्मी तक्रार तिथेच मिटते. खाणीच्या कडेपासून गट लांब ठेवा. खाली पाणी आहे आणि कड सुटी आहे. पायवाटांवरून खाली कोथरूड किंवा गोखलेनगरकडे उतरायचा मोह पहिल्या हंगामात नको, त्या वाटा पायऱ्यांसारख्या तुटलेल्या आहेत. वनविभागाच्या जागेत शिरताना फाटकावरचा फलक वाचा. सायकलला मनाई लिहिली असेल तर मुलांसमोर ती मोडू नका.

कालव्याच्या कडेचा रस्ता सपाट म्हणून बऱ्याच जणांना सुचतो. लहान मुलांसाठी नको. कठडा नाही, पाण्याला ओढ असते आणि काठ सिमेंटचा उतरता, आत पडलं तर मूल वर चढू शकत नाही. त्यापेक्षा शहराबाहेर मुळशीकडे किंवा सिंहगडाच्या पायथ्याच्या गावांत शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटा आहेत. गाड्या नाहीत, चढ सौम्य, दोन चाकोऱ्या असल्यामुळे दोन मुलं शेजारी शेजारी जाऊ शकतात. शेत कोणाचं आहे ते आधी विचारा, पीक उभं असेल तर बांधावर सायकल घालू नका.

काटे: बाभूळ आणि सराटा. बाभळीचा काटा लांब असतो, तो टायरच्या आरपार जातो. सराटा जमिनीलगत पसरतो, नोव्हेंबरनंतर वाळला की त्याची काटेरी फळं वाटेवर विखुरतात आणि एका फेरीत पाच-सहा भोकं पाडतात. टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसणारी पट्टी मिळते ती टाका, किंवा ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव). फक्त वाल्व बघून घ्या: मोटारसायकलसारख्या वाल्वचा आतला खिळा काढून सीलंट ओतता येतं, जुन्या रबरी वाल्व-ट्यूबच्या सायकलीत ते तिथेच अडकतं. काटा लागलेला दिसला तर उपटू नका, घरी पोचेपर्यंत तोच बूच म्हणून काम करतो.

कुत्री मागे लागली तर थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा. पळणाऱ्या चाकाच्या मागे कुत्रं लागतं, थांबलेल्या माणसाला भुंकून सोडून देतं. आणि विश्रांतीला बसताना दगड उचलायचे नाहीत, खाली फुरसं असू शकतं.

---

पौडफाटा

वा, एवढं तपशीलवार! खूप आभार. ब्रेकच्या दांड्याचं आज संध्याकाळी पार्किंगमध्येच तपासतो.

तीन शंका राहिल्या. एक, गटात सहा वर्षांची जुळी आहेत, त्यांच्या १६ इंची सायकली, गिअर नाहीत. त्यांना न्यावं का? दोन, एक नऊ वर्षांची मुलगी सपाटीला सगळ्यांत पुढे असते पण उतार आला की गोठून उभी राहते. तीन, एका पालकांचं म्हणणं आहे की लहानांना फक्त मागचाच ब्रेक शिकवावा, पुढच्याने उलटतात.

---

घसारा

तिसऱ्यापासून. उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाचा ब्रेक दाबला की ते लगेच अडकतं आणि घसरतं, सायकल मात्र थांबत नाही. मुरमाची वाट म्हणजे ज्वारी सांडलेली फरशी. तिथे मागचं चाक अडकवून उतरणारं मूल वळणावर सरळ झुडपात जातं. दोन्ही ब्रेक लागतातच. उलटतं कधी? पुढचा ब्रेक एकदम कचकन दाबला, हात ताठ नसले आणि बूड पुढे असलं तर. म्हणून ब्रेक वळणाआधी, सरळ वाटेवर, हळूहळू वाढवत धरायचा. वळणात बोटं सैल.

हे समजवायला एक सोपा प्रयोग: मुलाला सायकलच्या शेजारी उभं करून सायकल हाताने चालवायला लावा आणि पुढचा ब्रेक जोरात दाबायला सांगा. मागचं चाक उचललं जाताना दिसतं. मग तोच हळू दाबायला सांगा. न पडता दोन्ही गोष्टी कळतात.

उतारावर गोठणाऱ्या मुलीचं: आधी तेलपाणी यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी तपासा, दांडा बोटांत येतो का आणि सीट उंच नाही ना. बऱ्याचदा मूल घाबरट नसतं, सायकल थांबत नाही हे त्याला आपल्याआधी कळलेलं असतं. दोन्ही ठीक असेल तर उतार तळापासून शिकवा. तळातून पाच मीटर वर सायकल ढकलत न्यायची, तिथून सुटायचं आणि सपाटीवर थांबायचं. मग आठ मीटर, मग बारा. किती वर जायचं ते तिने ठरवायचं. माथ्यावरून एकदम खाली पाहायला लावलं की कोणीही गोठेल. आणि त्या वेळी बोलणारा आवाज एकच असू दे. आई, बाबा, काका, तिघांनी "ब्रेक धर", "ब्रेक सोड", "घाबरू नको" असं एकदम ओरडलं की तिने कोणाचं ऐकायचं?

उतरून चालत जाणं हा कायम खुला पर्याय. तो नापास झाल्यासारखा मांडू नका. चालताना दोन्ही ब्रेकवर हात ठेवायला मात्र सांगा, नाहीतर सायकल मुलाला ओढत नेते. अवघड जागी मोठ्याने उताराच्या खालच्या अंगाला उभं राहायचं आणि लागलं तर सीट किंवा खांदा धरायचा. हँडल धरू नका, आपण धरलं की तेच वळतं आणि मूल आपल्या अंगावर येतं.

---

तेलपाणी

१६ इंचीला टेकडी नको. ब्रेक जेमतेम, चाक लहान असल्यामुळे प्रत्येक दगड अडतो, आणि मोठ्यांच्या एका फेऱ्यात त्यांना दोन-तीन पायडल मारावे लागतात. जुळ्यांना मैदानाच्या दिवशी बोलवा आणि माथ्यावरच्या सपाट पट्ट्यावर अर्धा तास. उंची ११५ झाली की २० इंचीवर आणा.

चढावर थकलेल्या मुलाला ओढून न्यायला जुनी २६ इंची ट्यूब वापरतात: एक टोक मोठ्याच्या सीटखाली, दुसरं मुलाच्या हँडलच्या मधल्या दांड्याला अडकवायचं. ताण आला की ट्यूब लांबते, झटका बसत नाही. हे फक्त चढावर, सरळ वाटेवर, आणि ओढणारा एमटीबीवालाच हवा. माथ्याच्या आधी सोडा. सपाटीला ट्यूब सैल पडून मुलाच्या पुढच्या चाकात गुंतते.

---

आयोडेक्स

दवाखान्याच्या बाजूने थोडं, कारण वर कोणी लिहिलं नाही.

हेल्मेट सायकलचं घ्या, स्कूटरचं नको. ते जड असतं आणि मान मागे न्यायला अडतं. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी (सायकल हेल्मेटची युरोपीय आणि अमेरिकी सुरक्षा मानकं) लिहिलेलं बघा. टेपने डोक्याचा घेर मोजा, कपाळावरून, भुवयांच्या जरा वर. घातल्यावर भुवई आणि हेल्मेटमध्ये दोन बोटं, पट्ट्यांचा व्ही कानाच्या पाळीखाली, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढी सैल. तोंड मोठं उघडलं की हेल्मेट डोक्यावर दाबलं गेलं पाहिजे. मोठ्या भावाचं, आत रुमाल घालून बसवलेलं चालणार नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद, वरून तडा दिसो न दिसो. हातमोजे सर्वांना, कारण पडताना मुलं तळवे टेकतात.

खरचटलं तर स्वच्छ पाण्याने माती निघेपर्यंत धुवा. पिण्याच्या पाण्याखेरीज एक लिटरची बाटली याच कामासाठी ठेवा. हळद-कॉफी भरू नका, आम्हाला नंतर तीच काढत बसावी लागते. मनगट दुखत असेल आणि बोटं हलवताना मूल रडत असेल तर ओढणी किंवा पंचाची झोळी करून हात छातीशी बांधा आणि एक्स-रे काढा. मुलांची मोडलेली हाडं कधीकधी बाहेरून सरळच दिसतात.

डोकं आपटल्यावर उलटी, गुंगी, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, चालताना झोक जाणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ रुग्णालय. काही दिसलं नाही तरी त्या दिवशी त्या मुलाची राइड संपली. आणि वर तेलपाणी यांनी हँडलच्या बुचाचं लिहिलंय ते मनावर घ्या. हँडल पोटात लागलं असेल तर बाहेर साधा वळ असतो किंवा तोही नसतो, पण आत यकृत, प्लीहा, स्वादुपिंडाला इजा असू शकते. पोट दुखणं, उलटी, चेहरा पांढरा पडणं यासाठी थांबू नका, त्याआधीच दाखवा. रुग्णवाहिकेला १०८. टेकडीवर कुठल्या बाजूने उतरलं की गाडी येऊ शकते ते पुढच्या आणि शेवटच्या, दोन्ही मोठ्यांना माहीत हवं.

प्रत्येक मुलाचं नाव, पालकांचे दोन नंबर, रक्तगट, दमा किंवा अॅलर्जी हे एका कागदावर, प्लास्टिकच्या पिशवीत, शेवटच्या माणसाकडे. फोनमध्ये नको, तो नेमका बंद पडतो. दम्याचा पंप मुलाच्या स्वतःच्या खिशात.

---

सदाफुली

खाण्याचं राहिलं. निघण्याआधी केळं किंवा अर्धी पोळी, मध्ये चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू, प्रत्येकी ७५० मिली पाणी. वेफर्सची पाकिटं नकोत, तहान वाढते आणि रिकामी पाकिटं टेकडीवर राहतात. पाणी मुलं मागत नाहीत, प्रत्येक थांब्यावर सगळ्यांनी चार घोट प्यायचे असा नियमच करा.

दुसरं, गटात मुली किती आहेत ते बघा. एकच असेल तर तिची एखादी मैत्रीण शोधून आणा, आणि मोठ्यांमध्ये निदान एक आई हवी, तीही सायकलवर. डबे घेऊन गाडीने पुढे जाणारी आई धरायची नाही. मुलांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचे का, हे पहिल्याच दिवशी सगळ्या पालकांना विचारून घ्या.

पौडफाटा, तुमच्या तीन नवख्या पालकांनीही मैदानावरच्या चारही परीक्षा द्याव्यात, मुलांसमोरच. उभं राहून घरंगळत जाणं मोठ्यांना जास्त जड जातं. आणि ज्यांना एका रेघेवर थांबता येत नाही त्यांनी शेवटी राहण्याची जबाबदारी घेऊ नये, गटाच्या मध्ये चालवावं.

---

पौडफाटा

मान्य, मोठ्यांची परीक्षा आधी. शाळेच्या मैदानासाठी अर्ज उद्याच देतो. सुट्या सामानाची यादी अशी करतोय: २० आणि २४ इंची ट्यूब प्रत्येकी दोन, पंप, टायर काढायचे प्लास्टिकचे तीन चमचे, १५ चा पान्हा, अॅलन कीचा जुडगा, इन्सुलेशन टेप. काही राहिलं का?

---

तेलपाणी

ब्रेकची एक जादा तार आणि ती कापायला पक्कड. आणि ट्यूब घेताना नुसतं इंच बघू नका, टायरच्या बाजूवर छापलेला मिलिमीटरचा आकडा जुळवा. २० इंचीला ४०६, २४ इंचीला ५०७. एका गटात दोन्ही वाल्वच्या सायकली असतील तर पंपाचं तोंड दोन्हीला बसतं का हे घरीच बघून निघा.